हळदीचा पिवळा, ध्वजाचा हिरवा: लेटेक्स छपाईत नेमका रंग कसा आणावा

"हे हयदीचं पिवयं नाही वाटत भाऊ, लिंबावानी दिसून रायलं."

शिरपूरच्या एका हळद उत्पादकाने नवा बॅनर दुकानाच्या पायरीवर उलगडला, एवढंच बोलला आणि खिशातल्या पुडीतली चिमूटभर हळद बॅनरवरच टाकली. मग बोलायला काही उरलं नाही. हळद तांबूस सोनेरी होती आणि तिच्याखालचा छापील पिवळा हिरवटाकडे झुकलेला. फाईलमध्ये पिवळा शंभर टक्के दिलेला होता. छपाई लेटेक्स मशीनवर झाली होती, शाई अस्सल कंपनीची होती, मटेरियलचा रोल नवाकोरा होता. तरीही रंग चुकला. छपाई करून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "शाई थोडी वाढवून परत मारून देतो." दुसरा बॅनर आला तेव्हा पिवळा तसाच हिरवट होता. भरीस भर म्हणजे त्यावर बारीक डाग उठले होते आणि हात फिरवला की बोटाला रंग लागत होता.

हा लेख त्या दुसऱ्या बॅनरसाठी आहे. लेटेक्स मशीन चालवणाऱ्यांनी तो वाचावाच. आमच्यासारख्या गावात बसून कोरलमध्ये फाईल करणाऱ्यांनी आणि छपाईसाठी ती वाशीम, अकोला किंवा नागपूरकडे पाठवणाऱ्यांनीही वाचावा. रंग बिघडला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा चूक दोघांच्या मधल्या जागेत असते.

शिरपूर जैनसारख्या गावाला रंगाची एवढी काळजी कशाला, असं कुणाला वाटेल. मालेगाव तालुक्यातलं हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे देशभरच्या जैन समाजाला ठाऊक आहे. बराच काळ बंद असलेलं त्यांचं मंदिर २०२३ मध्ये दर्शनासाठी पुन्हा उघडलं. इथल्या बॅनरवर पंचरंगी ध्वज असतो, श्यामवर्ण मूर्तीचा फोटो असतो. शिवाराकडे वळलं की हळद आहे, सोयाबीन आहे, त्यांच्या पिशव्या आणि फलक आहेत. ध्वजाचा रंग आणि हळदीचा रंग या दोन गोष्टी इथला प्रत्येक माणूस डोळे मिटूनही ओळखतो. त्यात "जवळपास तसाच" चालत नाही.

लेटेक्स शाई सॉल्व्हंटसारखी वागत नाही

नावात लेटेक्स असलं तरी या शाईत रबराच्या झाडाचा चीक नसतो. तिचा मोठा भाग पाणी असतो. त्या पाण्यात रंगद्रव्याचे कण आणि कृत्रिम पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. एचपी कंपनीने हे तंत्र २००८ मध्ये बाजारात आणलं. शाईचा थेंब मटेरियलवर पडतो, उष्णतेने पाणी उडून जातं, पॉलिमरचे कण एकमेकांत वितळतात आणि रंगद्रव्याला धरून एक पातळ पापुद्रा तयार होतो. हे काम मशीनमध्येच संपतं. म्हणून प्रिंट बाहेर येतो तो कोरडा असतो आणि लगेच लॅमिनेशनला घेता येतो.

सॉल्व्हंटची शाई फ्लेक्सच्या पीव्हीसीत थोडी मुरते, त्याला चावून बसते. लेटेक्सची शाई वर बसते. एवढा एक फरक मनात पक्का केला तर निम्म्या चुका टळतात. सॉल्व्हंट मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा हात रंग फिका वाटला की आपोआप शाई वाढवण्याकडे जातो. लेटेक्समध्ये शाई वाढवली म्हणजे पाणीही वाढवलं. ते पाणी ठरलेल्या वेळात उडालं नाही तर शेजारशेजारचे थेंब एकमेकांत मिसळतात. एकसंध हवा असलेला रंग मग दाणेदार, ठिपकेदार दिसतो. आपल्याकडे याला 'रंग फुटला' म्हणतात. नव्या पिढीच्या मशीनमध्ये हे थेंब जागीच रोखण्यासाठी ऑप्टिमायझर नावाचा रंगहीन द्रव शाईबरोबर मारला जातो. त्याचं हेड खराब असेल तर बाकी सगळे रंग नोझल चेकमध्ये सुंदर दिसतात आणि तरीही प्रिंट फुटतो. रंगहीन असल्यामुळे त्याच्याकडे लक्षच जात नाही. रंग अचानक फुटायला लागला तर आधी ऑप्टिमायझर तपासा, मग बाकीचं.

तेव्हा माझं म्हणणं एका वाक्यात असं, की रंग शाई वाढवून येत नाही, तो क्रमाने येतो. आधी मशीन आणि खोली, मग मटेरियल, मग शाई आणि उष्णतेचा मेळ, मग प्रोफाईल आणि सगळ्यात शेवटी फाईल. आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करतो आणि फोटोशॉपमध्ये कर्व्ह ओढत बसतो.

खोली, वीज आणि कूलर

विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात पारा कुठे जातो हे सांगायला नको. लेटेक्स छपाईला साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की नोझलच्या तोंडाशी शाई सुकते आणि मटेरियलवर स्थिर वीज साचून धूळ ओढली जाते. मग उपाय म्हणून डेझर्ट कूलर लावला जातो, तोही थेट मशीनच्या तोंडावर. त्याने दोन नुकसानं होतात. ओल्या हवेत शाईतलं पाणी उडायला वेळ लागतो. आणि वाऱ्याच्या झोताने हीटरच्या भागातलं तापमान एका बाजूला घसरतं, म्हणजे प्रिंटची डावी कड आणि उजवी कड वेगळी वाळते. एकाच बॅनरवर दोन कडांना रंग वेगळा का दिसतो याचं उत्तर कधी कधी समोरच्या पंख्यात सापडतं. एसी परवडत असेल तर एसी लावा, पण त्याचाही झोत मशीनवर येऊ देऊ नका. तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते भिंतीवर लावून रोज सकाळी त्याचे आकडे वहीत लिहा.

विजेचंही तसंच आहे. लेटेक्स मशीनचा खरा खाऊ म्हणजे हीटर. शेतीपंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज पडतं, हीटर ठरलेल्या तापमानाला पोहोचायला धडपडतो आणि शाई कच्ची राहते. मशीनसाठी स्वतंत्र लाईन आणि चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर हा खर्च छपाईच्या दर्जाचाच भाग समजा. अंगणात सोयाबीनची मळणी चालू असेल तेव्हा दारं बंद ठेवा आणि रोल उघडे टाकू नका. मळणीचा भुस्सा फ्लेक्सवर बसला की त्यावर रंग चढत नाही. तिथे पांढरे ठिपके राहतात आणि आपण दोष मात्र हेडला देतो.

दिवसाची सुरुवात नोझल चेकने करा. हेड बदललं असेल तर दोन कामं चुकवू नका: हेड अलाइनमेंट आणि रंगाचं कॅलिब्रेशन. नव्या हेडचा थेंब जुन्यापेक्षा किंचित वेगळा असतो. तो फरक राखाडी रंगात आणि त्वचेच्या रंगात लगेच दिसतो. बऱ्याच लेटेक्स मशीनमध्ये हेड ऑपरेटरलाच बदलता येतं. ही सोय मोठी आहे, पण त्यामुळेच हेड बदललं की लगेच जॉब सुरू करायची घाई होते.

मटेरियलचा पांढरा हा पहिला रंग

लेटेक्समध्ये पांढरी शाई नसेल तर प्रिंटमधला पांढरा म्हणजे मटेरियलचाच पांढरा. आणि तो नेहमी पांढरा नसतो. स्वस्त फ्लेक्स राखाडी किंवा पिवळसर असतो. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या विनाइलमध्ये पांढरा उठून दिसावा म्हणून निळसर दिसणारं द्रव्य घातलेलं असतं, अगदी कपड्यांना नीळ घालतो तसं. सुरुवातीच्या हळदीच्या बॅनरचा अर्धा गुन्हा या निळसर पांढऱ्याचाच होता. निळसर पृष्ठावर शुद्ध पिवळा बसला की डोळ्याला तो हिरवट वाटणारच.

म्हणून एका कंपनीच्या फ्लेक्ससाठी जमवलेलं सेटिंग दुसऱ्या कंपनीच्या फ्लेक्सला जसंच्या तसं लावू नका. दोन्हीवर 'स्टार फ्लेक्स' लिहिलं असलं तरी नाही. रिप सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फाईल मशीनला समजेल अशी करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रत्येक मटेरियलसाठी वेगळं प्रीसेट ठेवा आणि त्याच्या नावात कंपनी, जीएसएम आणि पासची संख्या लिहा. मशीन किंवा मटेरियल बनवणाऱ्या कंपन्या अनेकदा आपल्या मालासाठी तयार प्रीसेट देतात. सुरुवात तिथून करा.

कापडावर रंग नेहमीच थोडा मंद दिसतो. सच्छिद्र कापडातून शाई खाली झिरपते. त्यासाठी मशीनला शाई झेलणारा वेगळा किट लागतो. मंदिराच्या कार्यक्रमासाठी कापडी ध्वज आणि फ्लेक्सचा बॅनर शेजारीशेजारी लागणार असतील, तर आधी कापडावरचा रंग मान्य करून घ्या आणि मग फ्लेक्सचा रंग त्याच्याशी जुळवा. फ्लेक्सवरचा रंग मंद करता येतो, कापडावरचा मंद रंग भडक करता येत नाही.

शाई, पास आणि उष्णता: तिघांना एकत्र हलवा

पास वाढवला म्हणजे तीच शाई जास्त फेऱ्यांत थोडी थोडी पडते. प्रत्येक फेरीला वाळायला वेळ मिळतो आणि रंग एकसंध दिसतो. लांबून बघायच्या बॅनरला सहा-आठ पास पुरतात, जवळून बघायच्या विनाइलला आठ-दहा लागतात. मागून उजेड येणाऱ्या बॅकलिटला शाईचा थर जाड लागतो, म्हणून पासही बरेच जास्त लागतात. स्वस्तात काम द्यायचं म्हणून बॅकलिट कमी पासवर मारलं तर दिवसा ठीक दिसतं आणि रात्री ट्यूब लावली की पट्ट्या दिसायला लागतात. अशा कामाला नाही म्हणावं हे बरं.

उष्णतेबाबत सावध राहा. क्युरिंगचं तापमान मशीन आणि मटेरियलप्रमाणे साधारण १०० अंशांच्या आगेमागे असतं. कमी पडलं तर प्रिंट हाताला तेलकट लागतो आणि पांढऱ्या सुती फडक्याने घासला की रंग सुटतो. जास्त झालं तर फ्लेक्सला लाटा येतात, कड वर उचलली जाते, हेडला घासते आणि चकाकी बदलते. चकाकी बदलली की तोच रंग वेगळा वाटतो. बदल करायचाच तर एका वेळी पाच अंशांचा करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमान, शाई आणि पास तिन्ही एकदम हलवले तर रंग सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत आणता येत नाही.

शाईची मर्यादा ठरवण्याची एक सोपी रीत आहे. लाल, हिरवा, निळा आणि गडद काळा अशा चार रंगांच्या पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीत एकूण शाई १५० टक्क्यांपासून २० टक्क्यांनी वाढवत न्या. प्रिंट निघाल्यावर दिवसाच्या उजेडात बघा, आणि पट्टी कुठे फुटायला लागते, कुठे घासल्यावर रंग सुटतो ते ठिकाण शोधा. त्याच्या एक पायरी मागे तुमची मर्यादा. पुष्कळदा असं आढळतं, की मर्यादेच्या आधीच रंगाचा गडदपणा वाढायचा थांबलेला असतो. शाई मात्र खर्च होत राहते.

प्रोफाईल म्हणजे मशीनची साक्ष

आयसीसी प्रोफाईल हे नाव ऐकून अनेक जण बिचकतात. हे मशीन, या मटेरियलवर, या पासला, अमुक आकड्याला नेमका कोणता रंग देतं, याची ती नोंद असते. आधी लिनिअरायझेशन करतात, म्हणजे पन्नास टक्के मागितले तर दिसायलाही मधलाच रंग यावा असं मशीन सरळ करून घेतात. मग शेकडो चौकटींचा तक्ता छापतात, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात आणि त्यावरून प्रोफाईल तयार होतं. काही लेटेक्स मॉडेलमध्ये हे मोजणारं यंत्र मशीनमध्येच बसवलेलं असतं. ते असेल तर वापरा. कित्येक मशीनमध्ये ते विकत घेतलेलं असूनही बंद पडून असतं.

मोजणीत रंगाचा फरक डेल्टा ई नावाच्या आकड्याने सांगतात. एकच्या आतला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही, दोन-तीनचा जाणकाराला कळतो आणि पाचच्या वर गेला की शेजारीशेजारी ठेवल्यावर गिऱ्हाइकही बोट ठेवतं. मटेरियलचा नवा लॉट आला, हेड बदललं किंवा मोसम बदलला, की पुन्हा मोजा.

मोजायचं यंत्र नसेल तर काय? मग स्वतःची रंगवही करा, आणि ही गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. प्रत्येक मटेरियलवर तुमच्या भागात नेहमी लागणाऱ्या रंगांच्या चौकटी छापा: भगवा, हळदीचा पिवळा, ध्वजाचा हिरवा, गडद निळा, राखाडीच्या आठ-दहा पायऱ्या आणि काही त्वचेचे रंग. प्रत्येक चौकटीखाली सीएमवायकेचे आकडे छापलेलेच असू द्या. कोपऱ्यात मटेरियल, पास, तापमान आणि तारीख लिहा. पट्ट्या कापून एका कडीत ओवा आणि काउंटरला टांगा. गिऱ्हाइकाने मॉनिटरवर बोट ठेवून "असा पिवळा पाहिजे" म्हटलं तर मॉनिटर बंद करा आणि वही पुढे करा. मोबाईलचा पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, प्रिंट बाहेरच्या उजेडाने. ही दोन्ही एकसारखी दिसतील असं वचन कुणालाही देऊ नका.

फाईल करणाऱ्यांसाठी

आता आमच्या बाजूचं. फोटो व्हॉट्सअपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, बारीक तपशील आणि रंगांच्या नाजूक पायऱ्या मरतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो आरजीबीमध्येच ठेवा आणि त्याचं प्रोफाईल फाईलमध्ये राहू द्या. सीएमवायकेमध्ये घाईने बदलला की रंगाची रेंज कायमची कमी होते, आणि रिप त्यावर पुन्हा आपलं रूपांतर करतं. कोरलमध्ये डिफॉल्ट कलर मॅनेजमेंट काय ठेवलंय आणि रिपमध्ये इनपुट प्रोफाईल काय ठेवलंय, हे दोघांनी फोनवर एकदा तरी जुळवून घ्या. दोन्हीकडे वेगळं असेल तर वर्षभर रंग हलत राहतो आणि कारण सापडत नाही. सावलीभोवती हलका चौकोन छापून येतो, तोही बहुधा आरजीबी आणि सीएमवायके एकाच पानावर मिसळल्याचा परिणाम असतो. सावलीसकट ती पार्श्वभूमी एकत्र बिटमॅप करून टाका. मराठी मजकूर कर्व्ह करूनच पाठवा. रंगाशी त्याचा संबंध नाही, पण जोडाक्षरं फुटलेला बॅनर कितीही रंगीत असला तरी परत येतो.

पंचरंगी जैन ध्वज मला लेटेक्स मशीनची उत्तम परीक्षा वाटतो. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७४-७५ मध्ये, सगळ्या संप्रदायांनी तो मान्य केला. वरून खाली लाल, पिवळा, पांढरा, हिरवा आणि गडद निळा किंवा काळा असे पट्टे, मधल्या पांढऱ्यावर केशरी स्वस्तिक. सिद्ध, आचार्य, अरिहंत, उपाध्याय आणि साधू या पंचपरमेष्ठींचे हे रंग. मशीनच्या दृष्टीने प्रत्येक पट्ट्याची अडचण वेगळी आहे. लाल पट्ट्यात मॅजेंटा आणि पिवळा दोन्ही भरपूर द्या, पण निळ्या शाईचा, म्हणजे सायनचा, अंशही नको, नाहीतर तो विटकरी होतो. हिरव्यात निळा शंभर आणि पिवळा शंभर दिला तर तो काळवंडतो. निळा पंचाहत्तर-ऐंशीवर आणला की पट्टा उघडतो. गडद निळ्याचा तर खास त्रास: निळा आणि मॅजेंटा दोन्ही शंभर दिले की हमखास जांभळा येतो. मॅजेंटा निळ्यापेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवा आणि गडदपणा काळ्या शाईने आणा. शेवटचा पट्टा काही ठिकाणी निळा करतात, काही ठिकाणी काळा. तो स्वतःच्या मनाने ठरवू नका, काम देणाऱ्यांना आधी विचारा. पांढऱ्या पट्ट्यात शाई अजिबात नको. फाईलमध्ये तिथे एक-दोन टक्के जरी रंग राहिला असेल तर बारीक ठिपके दिसतात आणि पांढरा मळका वाटतो.

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीचा फोटो छापताना कसोटी काळ्या रंगाची. मूर्ती श्यामवर्ण, मागे अंधार आणि समोर दिव्याचा उजेड. असा फोटो छापला की गालाची गोलाई, नागफण्याच्या कडा, हातांची ठेवण सगळं एका काळ्या डागात जातं. इथेही शाई वाढवणं हा उपाय नाही. फोटोच्या सावल्या थोड्या उघडा आणि सर्वात गडद जागा वगळता कुठेही एकूण शाई मर्यादेच्या जवळ जाऊ देऊ नका. रिपमध्ये राखाडीपणा मुख्यतः काळ्या शाईने घडवणारं सेटिंग निवडा. तीन रंगांच्या मिश्रणातून केलेला राखाडी सकाळी तटस्थ, दुपारी लालसर आणि ट्यूबलाईटखाली हिरवट दिसतो. काळ्या शाईतून आलेला राखाडी प्रकाश बदलला तरी फारसा बदलत नाही. सपाट काळ्या पार्श्वभूमीसाठी चारही रंग शंभर देण्याची सॉल्व्हंटची सवय सोडा. काळा शंभर, निळा साठ आणि बाकीचे दोन चाळीस-चाळीस एवढ्यात लेटेक्सवर खोल काळा मिळतो, आणि तो वाळतोही. आणखी एक गोष्ट सांगतो, रंगाची नसली तरी. मूर्तीचा कोणता फोटो छापायचा हे संबंधित मंडळींकडूनच लेखी घ्या. या विषयाशी लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत आणि इंटरनेटवरून उचललेला फोटो त्या दुखावू शकतो.

मोठा बॅनर दोन-तीन तुकड्यांत छापून जोडायचा असेल तर सगळे तुकडे एकाच रोलवर सलग छापा, एक आज आणि एक उद्या नको. एकाआड एक तुकडा उलटा फिरवून छापला तर मशीनच्या एकाच बाजूच्या कडा जोडावर शेजारी येतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंत असलेला बारीक फरक जोडावर दिसत नाही. जॉब सुरू होताना मशीन पूर्ण तापलेलं असू द्या. पहिल्या फूटभर मालावर नमुना पट्टी छापा आणि मगच काम सोडा.

लॅमिनेशनही रंग बदलतं. ग्लॉस फिल्मखाली रंग गडद आणि खोल होतात, मॅट फिल्मखाली काळा करडा पडतो. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तो लॅमिनेशन करूनच दाखवा. आणि दाखवताना दुकानातल्या थंड पांढऱ्या एलईडीखाली नको. छपाईच्या जगात रंग पाहण्यासाठी पाच हजार केल्व्हिनचा प्रकाश प्रमाण मानतात. तो दिवा नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला उघड्या आकाशाखाली, पण सावलीत उभं राहून बघा.

हळदीचा बॅनर आम्ही शेवटी असा सोडवला. त्याच फ्लेक्सवर, त्याच पासला, पिवळा शंभर कायम ठेवून मॅजेंटा दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस आणि पस्तीस अशा सहा चौकटी छापल्या. निळा सगळीकडे शून्य, कारण पिवळ्यात दोन-तीन टक्के निळाही हिरवा आणतो. शेतकऱ्याने प्रत्येक चौकटीवर चिमूट चिमूट हळद ठेवली आणि खाली वाकून बघत गेला. दहावर हळद ठळक दिसत होती, वीसवर अंधुक आणि पंचवीसच्या चौकटीवर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. "हे हाय आपली हयद," तो म्हणाला. शाई पहिल्यापेक्षा कमी लागली, कारण दरम्यान आम्ही मर्यादाही खाली आणली होती. मात्र हा पंचवीसचा आकडा त्या फ्लेक्सचा आणि त्या मशीनचा आहे, तुमचा वेगळा येईल.

तेव्हा उद्या सकाळी मशीन तापलं की पहिला फूटभर माल कुठल्याही जॉबला देऊ नका. त्यावर आपल्या सहा चौकटी छापा, खाली तारीख आणि मटेरियल लिहा, आणि ती पट्टी काउंटरच्या खिळ्याला टांगा.